‘मुलींची सुटका’ : बातमीतल्या भाषेचा एक इतिहास

बोनकोडे हे गाव शोधू जाणाऱ्याला आज ते सहजासहजी सापडत नाही. कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी त्याला चहूबाजूंनी असे वेढले आहे की, रुंद रस्ता संपून अरुंद गल्ली लागली आणि एकमेकींना खेटलेल्या इमारतींचे सज्जे डोक्यावर आले, म्हणजे आपण गावठाणात शिरलो असे समजावे. खाडीकाठची भातशेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळ्यांचा हा मुलूख. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण या पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, आणि एका पिढीच्या आत येथील शेतकऱ्याला वर्तमानपत्रांनी एक नवे नाव दिले. ते नाव म्हणजे ‘प्रकल्पग्रस्त’. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या पंगतीला बसवलेला हा शब्द. काल ज्याच्या नावाने शेताचा बांध ओळखला जाई, तो माणूस आज ग्रहण लागल्यासारखा ‘ग्रस्त’ झाला. त्याची मुलेही जन्मतःच प्रकल्पग्रस्त म्हणून जन्मास आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, आणि त्या योजनेसाठी हाच शब्द दाखल्यावर लागू लागला. म्हणजे ज्या शब्दाने माणसाचे मोठेपण काढून घेतले, त्याच शब्दाने त्याला हक्कही मिळवून दिला. वर्तमानपत्राने चिकटवलेले नाव किती खोल जाते आणि त्याचा उपकार व अपकार कसा एकाच मुळातून निघतो, हे आम्ही प्रथम या गावात शिकलो.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की, आमच्या शहराच्या बातम्या देणाऱ्या पुरवण्यांतून अधूनमधून एक बातमी येते, आणि तिच्यातली माणसे अशीच नावे चिकटवून घेऊन आमच्यासमोर उभी राहतात. बातमी दहा-बारा ओळींची असते. अमुक लॉजवर वा इमारतीत छापा पडला. पोलिसांनी बनावट ग्राहक पाठवून सापळा रचला. दलाल महिलेस अटक झाली. तीन तरुणींची ‘सुटका’ झाली. बातमी वेगळी, गाव वेगळे, वर्ष वेगळे. पण वाक्ये तीच. छायाचित्र असले तर त्यात ओढणीने तोंड झाकलेल्या मुली आणि त्यांच्या मागे ओळीने उभे राहिलेले अधिकारी दिसतात.

या दहा ओळींचे व्याकरण जरा थांबून पाहावे. अटक झालेल्या बाईलाही ‘ताब्यात घेतले’ जाते आणि सुटका झालेल्या मुलींनाही ‘ताब्यात घेतले’ जाते. क्रियापद एकच. मुलगी अल्पवयीन असेल तर तिला ‘फूस लावून पळवले’ असते; वय अठराच्या वर सरकले की तीच मुलगी ‘पळून गेली’ होते. मराठीतील प्रयोजक क्रियापदाचा एक ‘व’ पडला की अपराध एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकतो, हे शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या गुरुजींनीही सांगितले नसेल. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे या संपूर्ण व्यवहारात जो पैसे मोजतो, ज्याच्यासाठी हा बाजार भरतो, तो ग्राहक बातमीत एकदाच येतो, आणि तोही ‘बनावट’! खरा ग्राहक बहुधा बातमीच्या बाहेरच उभा असतो.

त्यानंतर येतो तो ‘पिटा कायदा’. १९५६ साली संसदेने स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणारा कायदा केला. १९८६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा असे झाले आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून वर्तमानपत्रांनी ‘पिटा’ हा शब्द रूढ केला. मराठी कानाला हे आज्ञार्थी क्रियापद वाटते, आणि ज्यांच्या रक्षणासाठी कायदा झाला त्यांच्यावरच तो पुष्कळदा तसा चालवला गेला हे लक्षात घेता, ही चूक अगदीच निरर्थक म्हणता येत नाही.

या साऱ्या व्यवहाराला आज वर्तमानपत्रे ‘मानवी तस्करी’ म्हणतात. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात मात्र शब्द आहे तो ‘अपव्यापार’. दोहोंत अंतर आहे. तस्कर म्हणजे मुळात चोर. आणि आमच्या पिढीच्या मनात तस्करी म्हटली की सोन्याची बिस्किटे, घड्याळे आणि रात्री किनाऱ्याला लागणारे पडाव उभे राहतात. तस्करीत माल सीमा ओलांडतो आणि कायदा मोडला जातो तो राज्याचा. अपव्यापारात सीमा ओलांडण्याची गरजच नाही. बीडमधून पुण्यास, रांचीहून वाशीस, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीतही माणसाचा अपव्यापार होऊ शकतो, आणि येथे अन्याय होतो तो त्या माणसावर. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी पालेर्मो येथे स्वाक्षरीस खुल्या केलेल्या करारांत या दोन गोष्टींसाठी दोन निरनिराळे मसुदे केले ते याच कारणाने. भारताने २०११ मध्ये त्यांना मान्यता दिली. तरीही मथळ्यात ‘तस्करी’च राहिली. तीन अक्षरांचा, ठसकेबाज, सर्वांना कळणारा शब्द. ‘अपव्यापार’ हा घटनेतला शब्द त्याच्यापुढे सोवळ्यातला वाटतो. पण ‘तस्करी’ म्हटले की माणसाचा माल होतो, आणि परराज्यातील वा परदेशी मुलगी असेल तर तिच्याकडे बळी म्हणून न पाहता चोरटा माल म्हणून पाहिले जाते. ‘बांगलादेशी तरुणींना अटक’ या मथळ्यामागे पुष्कळदा हेच घडलेले असते.

या वृत्तभाषेचा जन्म मात्र आपल्याकडचा नाही. ६ जुलै १८८५ रोजी लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’ या सायंदैनिकाचे संपादक विल्यम टी. स्टेड यांनी लहान मुलींच्या खरेदी-विक्रीवर लेखमाला सुरू केली. बाजार खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी मध्यस्थाकरवी एलायझा आर्मस्ट्राँग नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच पाच पौंडांत ‘विकत घेतले’, आणि लेखात तिला ‘लिली’ हे नाव दिले. अंकांसाठी रस्त्यावर झुंबड उडाली. पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा करून संमतिवय तेरावरून सोळावर नेले. हे यश खरे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण एलायझाच्या आईने ‘लिली’ला ओळखले, ती मुलीसाठी वणवण फिरली, आणि बापाची संमती न घेता मुलगी नेल्याबद्दल स्टेड यांना तीन महिन्यांची कैद झाली. उघडकीस आणणाऱ्याने आधी विकत घ्यावे, आणि विकत घेतलेलीचे नाव बदलून तिची कथा करावी, हा पायंडा तेथून पडला.

त्या लेखमालेच्या पाठोपाठ जी चळवळ उठली तिने एक शब्दप्रयोग जगभर नेला तो म्हणजे ‘श्वेत गुलामांचा व्यापार’. १९०४ मध्ये पॅरिसला झालेला पहिला आंतरराष्ट्रीय करार आणि १९१० चा दुसरा, दोन्ही याच नावाने ओळखले जातात. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या एका गल्लीला तेव्हा लोक ‘सफेद गल्ली’ म्हणत, कारण तेथे युरोपातून आलेल्या स्त्रिया राहत. जगाला कळवळा होता तो त्यांचा. शेजारच्याच गल्ल्यांत कोकणातून, देशावरून, दख्खनेतून आणलेल्या बायका होत्या. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय भाषेत शब्दच नव्हता. १९२१ साली राष्ट्रसंघाने ‘श्वेत’ हे विशेषण गाळून ‘स्त्रिया व मुले यांचा अपव्यापार’ असा शब्द घातला, तेव्हा कोठे कागदावर तरी त्या माणसांत आल्या.

मुंबईत या विषयाला तोंड फुटले ते एका खुनाने. १९१७ साली डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात अकुताई नावाच्या स्त्रीचा छळ होऊन तिचा मृत्यू झाला. खटला उभा राहिला, बातम्या गाजल्या, शहरात समिती नेमली गेली आणि १९२३ मध्ये मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. अकुताई जिवंत असताना ती बातमी नव्हती. या क्रमाची आता आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो क्रम आहे हेही जाणवत नाही.

परंतु मराठी भाषेचा स्वतःचा वाटा याहून निराळा आणि आमच्या मते अधिक विचार करण्याजोगा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांची भाषा आरडाओरड करणारी. आमची भाषा झाकणारी. मुलीला विकले असे आम्ही म्हणत नव्हतो. तिला खंडोबाला ‘वाहिली’ म्हणत होतो, यल्लम्माला ‘सोडली’ म्हणत होतो. मुरळी आणि जोगतीण ही नावे त्या वाहण्या-सोडण्यातून आली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा त्यांना प्रथम झगडावे लागले ते या पवित्र क्रियापदांशी. १९३४ चा मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा, १९७० च्या दशकात गडहिंग्लज-निपाणी भागात उभी राहिलेली देवदासींची चळवळ आणि २००५ चा महाराष्ट्राचा कायदा या मार्गावर सत्तर वर्षे गेली. राजन गवस यांची ‘चौंडकं’ आणि उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ या कादंबऱ्या १९८० च्या दशकात आल्या, तेव्हा शहरी वाचकाला या क्रियापदांचा खरा अर्थ कळला. बातमीने जे सांगितले नव्हते ते कादंबरीने सांगितले.

आणि हे केवळ स्त्रियांच्या बाबतीतच नव्हे. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघेही त्याच्याकडे राबत. त्याला शब्द होता ‘लग्नगडी’. केवढा मंगल शब्द! गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे जग मांडले आहे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला, आणि त्यानंतरही १९८० च्या दशकात वसईच्या परिसरात श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांना मुक्त करावे लागले, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आजोळच्या वेशीवर. वीटभट्टीवरचा ‘बयाणा’, ऊसतोडीची ‘उचल’, ही त्याच कुळातली नावे. मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात, आणि हंगामाच्या आरंभी आमची वर्तमानपत्रेही कोयतेच मोजतात. दोन माणसे मिळून एक हत्यार. कायद्याच्या आजच्या व्याख्येप्रमाणे कर्जाच्या पाशात अडकवून श्रम काढून घेणे हाही अपव्यापारच आहे. परंतु ‘मानवी तस्करी’ या मथळ्याखाली कोयत्याची बातमी आमच्या पाहण्यात क्वचितच आली. ती सहकाराच्या पानावर असते.

स्टेड यांच्या प्रयोगाची पुनरावृत्ती आपल्याकडे झाली ती ९६ वर्षांनी. एप्रिल १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातून कमला नावाची स्त्री २३०० रुपयांना विकत घेतली आणि ती हकीकत पहिल्या पानावर छापली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कमलाची रवानगी दिल्लीतील एका आश्रमात झाली आणि पुढे ती तेथून नाहीशी झाली. देशभर लोकांना वार्ताहराचे नाव ठाऊक झाले. कमला कोठे गेली हे कोणी विचारले नाही.

विचारले ते एका मराठी नाटककाराने. विजय तेंडुलकर यांचे ‘कमला’ हे नाटक त्याच वर्षी आले. तेंडुलकर स्वतः वृत्तपत्रसृष्टीत वाढलेले. तेव्हा त्यांनी बाजाराकडे न पाहता वार्ताहराच्या दिवाणखान्याकडे पाहिले, यात नवल नाही. त्यांचा जयसिंग जाधव कमलेला विकत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो, आणि तेथे जमलेले सुशिक्षित लोक तिला नाही नाही ते विचारून हसतात. घरी आल्यावर कमला जयसिंगच्या पत्नीला, सरितेला, अगदी निरागसपणे विचारते की, तुला केवढ्याला घेतले? त्या एका प्रश्नाने नाटक उलटे होते. बातमीची भाषा ‘ती’ आणि ‘आपण’ यांच्यामध्ये जी भिंत बांधते ती त्या प्रश्नाने पडते. १९७२ साली नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिताना, त्यातील कित्येक शब्द आपल्याला कळत नाहीत हे तेंडुलकरांनी मोकळेपणाने मांडले होते. ज्या वस्तीविषयी वर्तमानपत्रे रोज लिहीत होती तिचे शब्द मराठीच्या एका अव्वल लेखकालाही अपरिचित असावेत, यावरून त्या लिहिण्याची खोली कळून येते.

यानंतर आला तो ‘बारबाला’ हा शब्द. ‘बाला’ हा संस्कृत काव्यातला कोवळा शब्द. त्याला ‘बार’ जोडून जो अनुप्रास साधला त्यावर आमची वर्तमानपत्रे कैक वर्षे जगली. पनवेल भागातील बारांवरून विधिमंडळात प्रश्न निघाला, २००५ मध्ये तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती अमलात आली. त्या काळात नवी मुंबईत राहणाऱ्यांना आठवत असेल की सकाळचे पान उलटले की हा शब्द दिसल्याशिवाय राहत नसे. एकाच स्तंभात त्या ‘संसार उद्ध्वस्त करणाऱ्या’ असत आणि शेजारच्या स्तंभात ‘पळवून आणलेल्या अभागी मुली’ असत. दोन्ही एकदम खरे कसे असेल, हे कोणी पाहिले नाही. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने महिला संघटनांसोबत पाचशे नर्तकींच्या मुलाखती घेतल्या. त्यांना बळजबरीने आणले असल्याच्या समजुतीस त्या अहवालाने आधार दिला नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला आणि २०१९ मध्ये पुढील निर्बंधही सैल केले. बाजू कोणतीही घ्या. आम्हीही त्या बारांचे समर्थक नाही. पण घर चालवणाऱ्या स्त्रीला आधी पापिणी म्हणावे, मग बळी म्हणावे, आणि दोन्ही वेळा तिला न विचारता म्हणावे, हा प्रकार शब्दाच्या नादातून घडला.

‘सुटका’ या शब्दाचेही तसेच. सांगलीच्या गोकुळनगरात २००५ मध्ये छापा पडला तेव्हा, आमची ही सुटका नव्हे, असे तेथील संघटित स्त्रियांनी सांगितले. त्या स्वतःला ‘धंदा करणाऱ्या’ म्हणवतात. ‘वेश्या’ हा शब्द नाकारतात आणि ‘पीडित’ हाही नाकारतात. याच्या उलट गोव्यासह निरनिराळ्या प्रांतांत काम करणाऱ्या काही संस्थांचे म्हणणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश व वकिलांसाठी शब्दांची जी पुस्तिका काढली, तीत ‘वेश्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाऐवजी ‘सेक्स वर्कर’ वापरावा असे सुचवले होते. या संस्थांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून कळवले की, त्या शब्दाने प्रत्येक स्त्री स्वेच्छेने आली असे गृहीत धरले जाते. न्यायालयाने ते मानून अपव्यापारातून आलेली, बळजबरीने ढकललेली आणि देहविक्रय करणारी अशा निरनिराळ्या शब्दांना जागा दिली. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला तीन महिन्यांत एक शब्द बदलावा लागला, यावरून प्रश्नाची अवघडता ध्यानी यावी. रात्री अकराला पान लावणाऱ्या उपसंपादकाला दोन स्तंभांत बसणारा शब्द हवा असतो. त्याला दोष देताना आपण हेही ध्यानी घ्यावे. नावाच्या बाबतीत मात्र सबब चालणार नाही. लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख छापण्यास १९८३ पासून कायद्याने मनाई आहे, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाप्यांच्या वार्तांकनातही अशी ओळख उघड होऊ नये असे बजावले आहे. तरी मुलीचे नाव गाळून तिचे गाव, वय, नोकरीचे ठिकाण आणि इमारतीचे नाव छापणारी बातमी आपण वाचतोच. गावात तिला ओळखायला आणखी काय लागते?

लावलेले नाव किती काळ टिकते हे ख्रिस्ती माणसाला वेगळे सांगावे लागू नये. मग्दालिया येथील मरिया ही पुनरुत्थित प्रभूची पहिली साक्षीदार. शुभवर्तमानात कोठेही तिला वेश्या म्हटलेले नाही. इ. स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूककृत शुभवर्तमानातील पापिणी स्त्रीशी एकरूप केले, आणि तो शिक्का चौदाशे वर्षे राहिला. १९६९ साली रोमन दिनदर्शिकेच्या सुधारणेत ही सांगड सोडवली गेली. तोवर आयर्लंडात तिच्याच नावाची धुलाईगृहे उभी राहिली होती, ज्यांत ‘पतित’ ठरवलेल्या मुली कोंडून कपडे धूत राहिल्या. त्यांतील शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले. ती चालवणाऱ्या धर्मभगिनीच होत्या, हेही येथे नोंदवले पाहिजे.

संत जोसेफिन बखिता हिची गोष्ट याच सूत्रातली. सुदानमधील दारफूर प्रांतात जन्मलेल्या या मुलीला लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवले, आणि त्या धक्क्याने ती आईबापांनी ठेवलेले आपले नावच विसरली. ‘बखिता’ म्हणजे भाग्यवान. हे नाव पळवणाऱ्यांनीच ठेवलेले. कित्येकदा विकली गेल्यावर ती इटलीत आली, १८८९ मध्ये न्यायालयाने ती मुक्त असल्याचा निर्वाळा दिला, आणि पुढे तिने कनोसियन संघात प्रवेश केला. १९३१ मध्ये तिची कथा ‘अद्भुत कथा’ अशा मथळ्याने प्रसिद्ध झाली, आणि लोक तिला पाहण्यास येऊ लागले. २००० साली ती संत म्हणून घोषित झाली. २०१५ पासून ८ फेब्रुवारी हा तिचा सणदिन अपव्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. वेदीवर मात्र ती अद्याप व्यापाऱ्याने दिलेल्या नावानेच उभी आहे.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. बातमीतला गुन्हेगार ‘नराधम’ असतो, ‘म्होरक्या’ असतो, ‘टोळी’ असते. या शब्दांनी आपले मन निश्चिंत होते, कारण आपल्या ओळखीत कोणी नराधम नसतो. प्रत्यक्षात मुलीला आणणारी व्यक्ती बहुधा तिच्या परिचयाची असते; गावची, नात्यातली, ‘काकी’ किंवा ‘दीदी’ म्हणवणारी. छोटानागपूरच्या आदिवासी पट्ट्यातून घरकामासाठी शहरांत येणाऱ्या मुलींत आपल्या धर्मबंधूंच्या मुली पुष्कळ आहेत. आपल्या सेक्टरांतील सदनिकांत, आपल्याच धर्मग्रामातील घरांत त्या राहतात. ‘एजंटाने मुलगी आणून दिली’, ‘आम्ही मुलगी ठेवली आहे’, असे आपण सहज बोलतो. तिचा पगार कोणाच्या हाती जातो, तिचे आधार कार्ड कोणाकडे आहे, रविवारी तिला मिस्साला जाता येते का, हे त्या वाक्यांत कोठेच येत नाही. अशी घरे वर्तमानपत्रात येत नाहीत, कारण त्यांच्यावर छापा पडत नाही.

पुरुष या बातमीत आला की भाषा कशी बदलते तेही पाहण्यासारखे आहे. अलीकडे नोकरीच्या आमिषाने म्यानमार, कंबोडिया येथे नेऊन संगणकावर लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपलेल्या तरुणांच्या बातम्या येतात. मार्च २०२५ मध्ये सरकारने म्यानमारच्या सीमेवरून थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना परत आणले. यांना ‘फसलेले तरुण’ म्हणतात, त्यांचे शिक्षण छापतात, आईवडिलांची चिंता छापतात. हे योग्यच आहे. पण फसून मुंबईस आलेल्या मुलीची आई बातमीत कधी येते का?

एक प्रकरण आम्ही मुद्दाम मागे ठेवले आहे. वर्तमानपत्रातील एका लेखाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुऱ्यात छापे पडून चारशेहून अधिक मुलींना बाहेर काढण्यात आले. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. मुंबईत त्यांना शासकीय गृहांत दाटीवाटीने ठेवले गेले. नेपाळात त्यांना परत घेण्यावरून वाद झाला, कारण त्या एड्स घेऊन येतील अशी भीती बोलून दाखवली जात होती. म्हणजे मुंबईच्या बातमीत ज्या बळी होत्या त्या काठमांडूच्या चर्चेत रोग झाल्या. अखेर तेथील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये सव्वाशेच्या आसपास मुली मायदेशी परतल्या.

त्यांतल्या काही जणींनी त्याच वर्षी आपली संघटना उभारली. तिला त्यांनी ‘शक्ती समूह’ हे नाव दिले. अपव्यापारातून परतलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही संस्था. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थापकांपैकी चारीमाया तामाङ वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईत विकली गेली होती आणि बावीस महिने तेथे होती. गावी परतल्यावर तोंड झाकून बसण्याऐवजी तिने आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतःच्या नावाने फिर्याद दिली. १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्या खटल्यात आठ जणांना दोषी ठरवले.